हॅम्प्टनच्या धक्क्यावरचे विशेषण

महाविद्यालयात असताना वापरलेली शेक्सपियरच्या 'पाचवा हेन्री' या नाटकाची प्रत गेल्या महिन्यात मी बऱ्याच वर्षांनी कपाटातून बाहेर काढली. तिसऱ्या अंकाच्या आरंभी जे निवेदन आहे, त्यात राजा हॅम्प्टनच्या, म्हणजे साउथॅम्प्टन बंदराच्या, धक्क्यावरून जहाजात चढतो. त्या ओळीशेजारी समासात माझ्याच अक्षरात पेन्सिलीने 'रीतसर नेमलेला' असे दोन शब्द लिहिलेले आढळले. मूळ ओळीत राजाला 'वेल-अपॉइंटेड' म्हटले आहे. प्रत शोधण्याचे कारणही हेच विशेषण होते. सदनिकांच्या एका माहितीपत्रकाचा मराठी मसुदा माझ्याकडे तपासण्यासाठी आला होता आणि त्यात याच शब्दासाठी 'सुनियोजित' हा प्रतिशब्द योजलेला होता. तो खोडताना हेन्रीची ओळ आठवली, आणि पाहतो तो तिथे मीही तीच चूक करून ठेवलेली होती. दोघांनीही 'अपॉइंट' म्हणजे ठरवणे किंवा नेमणे एवढाच अर्थ गृहीत धरला होता.

असे होणे स्वाभाविक आहे, कारण मराठी माणसाला हा शब्द दोनच ठिकाणी भेटतो. दवाखान्यात 'अपॉइंटमेंट' म्हणजे भेटीची ठरलेली वेळ आणि नोकरीत 'अपॉइंटमेंट लेटर' म्हणजे नेमणुकीचे पत्र. या क्रियापदाचा तिसरा अर्थ, म्हणजे एखाद्याला कामासाठी लागणाऱ्या सर्व साहित्यानिशी सज्ज करणे, हा आज इंग्रजीतही स्वतंत्रपणे वापरात नाही. सैन्य किंवा घर 'अपॉइंट' केले असे आज कोणी इंग्रज म्हणत नाही. तो अर्थ बाकी सगळीकडून पुसला गेला आणि 'वेल' या शब्दाला बिलगून एका जोडविशेषणात तेवढा राहिला.

या तिन्ही अर्थांचे मूळ जुन्या फ्रेंचमधील 'आ प्वां' या शब्दप्रयोगात आहे. त्याचा अर्थ जिथे असायला हवे तिथे, योग्य त्या अवस्थेला पोचलेले. फ्रेंच स्वयंपाकात मांस नेमके हवे तितके शिजले की आजही हाच शब्दप्रयोग वापरतात. त्यावरून बनलेले क्रियापद चौदाव्या शतकात इंग्रजीत आले, तेव्हा त्यात एखादी गोष्ट ठाकठीक करून तिच्या जागी बसवण्याची कल्पना होती. वेळ ठाकठीक केली की भेट ठरली, माणूस जागी बसवला की नेमणूक झाली, आणि माणसाला किंवा सैन्याला लागेल ते पुरवून ठाकठीक केले की तो 'अपॉइंटेड' झाला. 'वेल-अपॉइंटेड' हे विशेषण सोळाव्या शतकात रुळले ते मुख्यतः या शेवटच्या अर्थाने, आणि तेही बहुतेक वेळा युद्धाच्या संदर्भात.

हेन्रीच्या ओळीकडे पुन्हा वळतो. हे नाटक १५९९ च्या सुमाराचे. निवेदक प्रेक्षकांना विनवतो की रंगमंचावर जे दाखवता येत नाही ते तुम्ही कल्पनेने पाहा. धक्क्यावर राजा जहाजात चढतो आहे, आरमाराच्या रेशमी पताका कोवळ्या सूर्याला वारा घालत आहेत, तागाच्या दोरखंडांवर पोरे सरसर चढत आहेत, शिडांत वारा भरला आहे आणि प्रचंड तारवे समुद्रात नांगरणी केल्यासारखी तास ओढत निघाली आहेत. या सगळ्या वर्णनाच्या आरंभीच राजाचे विशेषण येते, म्हणजे पुढच्या ओळींत जे डोळ्यांसमोर उभे राहणार आहे त्याचा सारांश त्या एका शब्दात आधीच सांगितला आहे. दोर, शिडे, पताका आणि माणसे यांनी तो राजा 'अपॉइंटेड' आहे. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपियरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, या ओळीत हॅम्प्टनऐवजी डोव्हर छापले गेले होते. याच नाटकाच्या दुसऱ्या अंकाच्या निवेदनात राजा साउथॅम्प्टनला असल्याचे स्पष्ट सांगितलेले असल्यामुळे, लुइस थिओबाल्ड या अठराव्या शतकातील संपादकाने तिथे हॅम्प्टन घातले आणि ती दुरुस्ती पुढील बहुतेक आवृत्त्यांनी स्वीकारली. गावाच्या नावावर संपादकांनी इतका विचार केला. विशेषणावर मात्र मी विद्यार्थी असताना कोणी थांबायला लावले नाही, याची मला आता खंत वाटते.

या शब्दामागे प्रत्यक्षात काय असे, हे कळायला इतिहासाचा थोडा आधार घ्यावा लागतो. हेन्री ११ ऑगस्ट १४१५ रोजी फ्रान्सकडे निघाला, त्याने आधी आर्फ्लरला वेढा घातला आणि २५ ऑक्टोबरला अझाँकूरची लढाई जिंकली. त्याचे सैन्य करारांनी उभे राहिलेले होते. प्रत्येक सरदार किंवा नायक राजाशी लेखी करार करी आणि अमुक इतके चिलखती लढवय्ये व अमुक इतके तिरंदाज घेऊन येण्याचे बंधन स्वीकारी. साध्या चिलखती शिपायाला दिवसाला १२ पेन्स आणि तिरंदाजाला ६ पेन्स असा दर होता. माणसे मोजून घेतली जात आणि ती पुरेशा शस्त्रांनिशी आली आहेत की नाहीत हे पाहिले जाई. पुढे दुसऱ्या स्वारीच्या तयारीत, १४१७ मध्ये, राजाने परगण्यांच्या शेरीफांना पाळीव हंसांच्या पंखांतील प्रत्येकी सहा पिसे गोळा करून पाठवण्याचा हुकूम सोडला, कारण बाणाच्या बुंध्याला पिसे लावल्याशिवाय बाण सरळ जात नाही. एका हंसाच्या पिसांपर्यंत हिशेब ठेवून जी तयारी होते, ती या विशेषणाच्या पोटात आहे. 'रीतसर नेमलेला' या माझ्या दोन शब्दांत त्यातले काहीच नव्हते.

माझ्या चुकीत एक अर्थ लपलेला असू शकेल, असा मोह मला नंतर झाला हेही नोंदवतो. हेन्रीच्या बापाने, म्हणजे बोलिंगब्रोकने, १३९९ मध्ये दुसऱ्या रिचर्डला पदच्युत करून गादी घेतली होती. त्यामुळे हेन्री रीतसर नेमलेला राजा आहे की नाही हा प्रश्न या नाटकाच्या मुळाशीच आहे. अझाँकूरच्या आदल्या रात्री तो देवाची प्रार्थना करतो, त्यात बापाने मुकुट मिळवताना केलेला अपराध आज आठवू नकोस अशी त्याची याचना आहे. अशा राजाला 'वेल-अपॉइंटेड' म्हणताना शेक्सपियरला दोन्ही अर्थ ऐकू येत असतील काय? तसे मानणे आकर्षक असले तरी मला ते पटत नाही. ती ओळ ज्या वर्णनात बसली आहे ते संपूर्ण वर्णन साधनसामग्रीचे आहे, आणि शेक्सपियर हा शब्दसमूह अन्यत्र वापरतो तेव्हाही त्याचा रोख याच अर्थाकडे असतो.

अन्यत्रची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. 'दुसरा रिचर्ड' या नाटकात बोलिंगब्रोक फ्लिंटच्या किल्ल्यासमोर सैन्य घेऊन येतो, तेव्हा तो रणदुंदुभी न वाजवता चालण्याची आज्ञा देतो, म्हणजे किल्ल्याच्या पडक्या तटावरून आपल्या 'अपॉइंटमेंट्स' नीट न्याहाळता येतील. इथे हा शब्द शस्त्रास्त्रे, घोडे, पोशाख आणि माणसे या सगळ्यांसाठी आहे. मराठीत त्याला 'लवाजमा' हा शब्द चपखल बसतो, कारण अरबीत ज्याचा अर्थ आवश्यक वस्तू असा होता तो शब्द मराठीत येताना सोबतची माणसे आणि थाटही घेऊन आला. 'चौथा हेन्री' च्या दुसऱ्या भागात बंडखोरांच्या छावणीकडे वेस्टमोर्लंड येताना दिसतो आणि यॉर्कचा आर्चबिशप विचारतो की हा कोण 'वेल-अपॉइंटेड' नायक आपल्यासमोर उभा ठाकला आहे. पुढे राजपुत्र जॉनच्या वचनावर विसंबून बंडखोर आपले सैन्य घरी पाठवून देतात आणि तेवढ्यात हाच वेस्टमोर्लंड त्यांना राजद्रोहाखाली कैद करतो. ज्याच्या अंगावर सगळी सामग्री आहे तो माणूस आणि ज्यांनी आपली सामग्री हातची सोडली ते लोक, असा तो प्रसंग आहे. आर्चबिशपच्या तोंडचे ते विशेषण प्रेक्षकाला नंतर आठवावे, अशीच ती रचना आहे असे मला वाटते.

तथापि या शब्दाच्या इतिहासातील मला सर्वांत हलवून सोडणारी जागा 'हॅम्लेट' मध्ये आहे, आणि तिथे तो उलट बाजूने येतो. हॅम्लेटच्या बापाचे भूत आपल्या खुनाची हकीकत सांगताना म्हणते की मी पापांच्या ऐन बहरात असताना छाटला गेलो, मरणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मिळणारा अंतिम प्रसाद न घेता, पवित्र तेलाचे अभ्यंग न होता आणि 'डिसअपॉइंटेड'. आजच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ निराश एवढाच उरला आहे आणि विद्यार्थी तसाच वाचून पुढे जातात. भुताला निराशेविषयी काहीच म्हणायचे नाही. त्याला म्हणायचे आहे की मरणाच्या प्रवासाला जी तयारी लागते ती करायला मला सवड मिळाली नाही, कबुली नाही, हिशेब नाही, मी रिकाम्या हाताने देवापुढे उभा केला गेलो. 'अपॉइंटेड' म्हणजे सज्ज, म्हणून 'डिसअपॉइंटेड' म्हणजे असज्ज. अकल्पित आलेल्या मृत्यूचे याहून दुःखद वर्णन एका शब्दात क्वचितच झाले असेल. याच नाटकात पुढे हॅम्लेट पत्रातून कळवतो की समुद्रात दोन दिवस होत नाहीत तोच अत्यंत युद्धसज्ज अशा चाच्यांच्या जहाजाने आमचा पाठलाग केला, आणि तिथे त्या सज्जतेला 'अपॉइंटमेंट' हाच शब्द आहे. बापाजवळ जी तयारी नव्हती ती चाच्यांजवळ होती, असे एकाच नाटकातील दोन ओळी सांगतात. 'मेझर फॉर मेझर' मध्ये इझाबेला तुरुंगातील आपल्या भावाला, क्लॉडिओला, उद्या तुला निघायचे आहे तेव्हा तुझी उत्तम 'अपॉइंटमेंट' लवकर करून घे, असे सांगते. निघायचे आहे ते शिरच्छेदाकडे. तिने शब्द वापरला तो मोहिमेवर निघालेल्या शिपायाचा, आणि म्हणून ती ओळ इतकी कठोर वाटते.

१६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलमध्येही, शास्ते या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, दान वंशातील सहाशे पुरुष युद्धाच्या शस्त्रांनी 'अपॉइंटेड' होऊन निघतात. त्याच भाषांतरात इतरत्र हे क्रियापद नेमणे आणि ठरवणे या अर्थांनी वारंवार येते, म्हणजे त्या काळच्या वाचकाला तिन्ही अर्थ जवळचे होते आणि कुठे कोणता घ्यायचा हे त्याला सांगावे लागत नव्हते.

सैन्याजवळ जसा हा शब्द होता तसा खलाशांजवळ 'वेल-फाउंड' होता. 'फाइंड' म्हणजे सापडणे हे आपण शाळेत शिकतो, पण जुन्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ पुरवणे असा होता. घरकामाच्या नोकरांना वार्षिक वेतन सांगून पुढे 'ऑल फाउंड' म्हणत, म्हणजे राहणेजेवणे मालकाकडून. 'वेल-फाउंड' जहाज म्हणजे शिडे, दोर, नांगर, पाण्याची पिंपे आणि शिधा यांत काही कमी नाही असे जहाज. इथे भपक्याला जागा नाही, कारण एक दोर कमी असला तर वादळात जहाज जाते. मालवाहतुकीच्या जुन्या करारपत्रांत जहाज घट्ट, मजबूत आणि या सफरीसाठी सर्व प्रकारे सिद्ध असावे असे लिहीत. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यानेही ज्या सफरीचा विमा उतरवला आहे त्या सफरीतील नेहमीच्या संकटांना तोंड देण्यास जे सर्व दृष्टींनी लायक आहे ते जहाज समुद्रयोग्य, अशी व्याख्या केली आणि भारताच्या १९६३ च्या कायद्याने तीच कल्पना स्वीकारली. कशासाठी सज्ज, हे सांगितल्याशिवाय सज्जतेला अर्थ नाही, ही गोष्ट खलाशांनी आणि वकिलांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

जमिनीवर मात्र तसे राहिले नाही. एकोणिसाव्या शतकात हे विशेषण घोडागाड्यांना लागू लागले. उमदे घोडे, चकचकीत सामान आणि गणवेशातील सारथी अशी गाडी 'वेल-अपॉइंटेड' ठरली. तिथून ते दिवाणखान्यांना, क्लबांना आणि हॉटेलांना लागले, आणि आता सदनिकांच्या माहितीपत्रकांत ते उंची फरशी, स्वयंपाकघरातील कपाटे आणि स्नानगृहातील नळ यांच्यासाठी येते. शस्त्रांकडून संपत्तीकडे जाण्याचा हा प्रवास एकट्या याच शब्दाचा नाही. 'वेल-हील्ड' म्हणजे पैसेवाला. त्यातील 'हील्ड' हा शब्द एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत पिस्तूल जवळ असलेल्या माणसासाठी वापरत, आणि त्याआधी झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला धारदार काटा बांधण्यालाही 'हील' करणे म्हणत. मला या बदलाचे वाईट वाटते. शब्दाने घरात राहायला यावे याबद्दल माझी तक्रार नाही, पण घरात आल्यावर कशासाठी हा प्रश्न तो विसरला, आणि जे पुष्कळ आहे ते पुरेसे आहे असे समजू लागला.

मराठी वाचकाला हा सगळा गुंता परका वाटू नये, कारण आपल्या भाषेतील राज्यकारभाराच्या शब्दांतही साहित्य, नेमणूक आणि पैसा एकमेकांत असेच विणलेले आहेत. 'सरंजाम' हा फारसीतून आलेला शब्द आपण पूजेचा सरंजाम, लग्नाचा सरंजाम असा साहित्याच्या अर्थाने वापरतो. मराठेशाहीत मात्र फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नाला सरंजाम म्हणत. अमुक इतके स्वार, घोड्यांनिशी आणि हत्यारांनिशी, बोलावणे येताच हजर करायचे, आणि त्या खर्चासाठी हे उत्पन्न घ्यायचे. हेन्रीचे नायक करारावर सही करून जे स्वीकारत त्याच्याशी याचे साम्य उघड आहे, जरी तिथे रोख वेतन आणि इथे मुलखाचे उत्पन्न हा मोठा फरक आहे. पुढे फौजेची गरज संपली तरी उत्पन्ने वंशपरंपरेने चालत राहिली आणि मुंबई राज्यात ती १९५२ च्या नियमांनी परत घेतली गेली. आज 'सरंजामी थाट' म्हणताना कोणाच्या डोळ्यांसमोर घोडा येत नाही, झुंबर येते. 'वेल-अपॉइंटेड' जिथे पोचले तिथेच आपला शब्दही पोचला आहे.

'नेमणूक' हा शब्द पाहावा. आज तो पदापुरता उरला, पण पेशवाईच्या कागदपत्रांत ठरवून दिलेल्या वार्षिक रकमेलाही नेमणूक म्हणत. फ्रेंचमध्ये 'आप्वांतमां' म्हणजे आजही पगारच. 'तैनात' हा शब्द ठरवणे, नेमणे या अर्थाच्या अरबी धातूवरून आला आणि मराठीत त्याचा अर्थ चाकरीवर लावलेला असाही होता आणि चाकरीचे वेतन असाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहाने पेशव्यांवर इंग्रजांची तैनाती फौज बसली, तिच्या नावात हाच शब्द आहे. ज्या भाषेने हे शब्द शेकडो वर्षे चालवले, तिच्यात 'वेल-अपॉइंटेड' साठी 'सुनियोजित' लिहावे लागावे असे दारिद्र्य मुळीच नाही.

माहितीपत्रकाच्या मसुद्यात मी शेवटी 'सर्व सोयींनी युक्त' असे लिहिले, कारण तिथे तेवढेच म्हणायचे होते आणि त्याहून मोठा शब्द वाया गेला असता. हेन्रीच्या ओळीसाठी मात्र बरेच दिवस शब्द शोधत राहिलो. 'संपन्न' मध्ये पैसा अधिक आहे आणि हालचाल नाही. 'जय्यत तयारीनिशी' हे बोलण्यात खणखणीत आहे, पण ओळीत राजाचे विशेषण हवे. 'सुसज्ज' हा शब्द मी आधी टाळत होतो, कारण सुसज्ज रुग्णालय, सुसज्ज सभागृह अशा बातम्यांनी तो गुळगुळीत झाला आहे असे वाटत होते. मग 'सज्ज' ची संस्कृत व्युत्पत्ती पाहिली. ती 'सज्य' या शब्दाकडे नेतात, आणि 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. ज्याला दोरी चढवलेली आहे ते धनुष्य सज्ज. हेन्रीच्या फौजेत तिरंदाजांची संख्या चिलखती शिपायांहून पुष्कळ अधिक होती, अझाँकूरच्या चिखलात फ्रेंच सरदारांना या तिरंदाजांच्याच बाणांनी रोखले, आणि त्यांच्या धनुष्यांना वेळ येईपर्यंत दोरी चढवलेली नसे. समासातील ते दोन शब्द मी खोडरबराने पुसले आणि त्याच जागी पेन्सिलीने 'सुसज्ज' असे लिहिले.